सॉफ्टवेअर नंतर, आधी तो फॉर्म वाच

तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट, मोबाईलच्या व्यसनावर तीन मिनिटांची टू-डी फिल्म, आणि तुझे प्रश्न दोन: सॉफ्टवेअर कुठलं आणि फोनची स्क्रीन कशी दाखवू. पण मी लिहायला बसले ते मधल्याच एका ओळीमुळे. 'कॉलेजने हक्कांचा कसलासा फॉर्म दिलाय, सबमिशनच्या दिवशी सगळ्यांबरोबर सही करून टाकेन.' नको टाकूस. (अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस.)

सॉफ्टवेअरचं उरकते. क्रिता, ओपनटूंझ, ब्लेंडर, तिन्ही फुकट आहेत. हात बसेल ते घे. कॉलेजच्या लायसन्सवर काम करत असलास तर प्रत्येक शॉटची पीएनजी सीक्वेन्स (दर फ्रेमची वेगळी चित्र-फाईल) काढून स्वतःच्या डिस्कवर ठेवत जा. पास झाल्यावर लायसन्स संपलं की आपल्याच फायली आपल्याला उघडता येत नाहीत. आणि तीन मिनिटं म्हणजे टूजवर, म्हणजे सेकंदाच्या चोवीस फ्रेमपैकी दर दोन फ्रेमना एक चित्र धरून, २१६० चित्रं. एकटा असशील तर नव्वद सेकंद पुष्कळ झाली.

आता फॉर्म. आमच्या फॉर्मवर 'निर्माता' या रकान्यात संस्थेचं नाव आधीच छापलेलं होतं. वाटतं, असेना का, शेवटच्या पाटीवर एक नाव जास्त. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता दिग्दर्शक नाही, निर्माता असतो, आणि हक्क मुळात त्याच्याकडे जातात. निर्माता कोण? पुढाकार आणि जबाबदारी घेऊन फिल्म करतो तो. आता रात्र-रात्र जागून टॅब्लेटवर कोण बसलं होतं, हे कागद सांगत नाही ना!

आमची फिल्म झाली, गाईडना आवडली, महोत्सवाला पाठवायची ठरली. प्रवेशअर्जावर हक्कधारकाची सही हवी. ऑफिस म्हणालं, विभागप्रमुखांचं पत्र आणा. ते आणलं, तर प्राचार्यांचा शेरा हवा. शेरा मिळाला, तर 'हे आमच्याकडे येत नाही, ट्रस्टच्या ऑफिसात द्या'. तिथे साहेब कायम मीटिंगला. अर्ज घेणारे गृहस्थ मान वर न करता 'ठेवून जा' म्हणायचे, आणि मान कशात खुपसलेली होती हे या विषयावर फिल्म करणाऱ्याला मी काय सांगणार? पोच मागितली तर म्हणे पोच देण्याची पद्धत नाही. नकार कुणीच दिला नाही, हेच वाईट. नकार मिळाला असता तर भांडता आलं असतं. मुदत टळली. मुंबईचा मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) दोन वर्षांतून एकदा भरतो, आणि बऱ्याच ठिकाणी फिल्म अमुक तारखेनंतर पूर्ण झालेली लागते, विद्यार्थी गटात तर हे फारच बघतात. पुढच्या खेपेला आम्ही कुठेच बसत नव्हतो. प्रवेशाच्या जाहिरातीत मात्र आमचे दोन शॉट झळकले, नावाशिवाय. त्याला कुणाचीही सही लागली नाही.

मी वकील नाही, आणि सगळी कॉलेजं अशी नसतात. काही ठिकाणी नियम छापील आणि सरळ असतात. तरीही सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी माग. शैक्षणिक वापरापुरती परवानगी, हक्कांचं हस्तांतरण नाही. महोत्सवांना पाठवायची कायमची मुभा, म्हणजे दर वेळी एनओसीसाठी फिरायला नको. आणि कुठेही वापरलं तरी नाव. हस्तांतरण करावंच लागलं तर मुदत आणि प्रदेश लिहिलाय का बघ. त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे काहीच लिहिलेलं नसेल तर मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत धरतात. म्हणून 'कायमस्वरूपी, जगभर' असे शब्द दिसले की तिथेच थांब. हे आत्ताच कर, गाईडला सोबत घेऊन. मार्क हातात पडल्यावर तुझ्यासाठी कुणी खुर्चीतून उठणार नाही.

एनओसी येईपर्यंत फिल्म यूट्यूबवर चढवू नकोस. आधीच सार्वजनिक झालेली फिल्म काही महोत्सव घेत नाहीत. पासवर्डवाली लिंक ठेव.

स्क्रीनबद्दल माझं मत, पटलं तर घे. माना खाली घातलेली निळ्या चेहऱ्यांची गर्दी आणि शेवटी फोन फेकून झाडाखाली हसणारा मुलगा, हे परीक्षकांनी इतक्यांदा पाहिलंय की पहिल्या दहा सेकंदांत पेन खाली ठेवतात. अंगठा दाखव. नवं काही आलं नाही हे माहीत असूनही पडदा खाली ओढून सोडणारा अंगठा. तांत्रिक बाब एवढीच: सरकणारी स्क्रीन टूजवर ठेवलीस तर ती थरथरते, म्हणून वन्सवर, म्हणजे दर फ्रेमला नवं चित्र, असं कर. आणि अंगठा काचेला टेकलेला असेल तेवढा वेळ तोही वन्सवरच काढ, नाहीतर तो काचेवरून घसरल्यासारखा दिसतो. उचलल्यावर खुशाल टूजवर ये.

खऱ्या ॲपचे लोगो आणि फोनचे मूळ रिंगटोन वापरू नकोस, स्वतःचे बनव. स्टीलच्या डब्यावर फोन व्हायब्रेटवर ठेवून रेकॉर्ड कर, भलताच छान आवाज येतो.

फॉर्ममधला हक्कांचा परिच्छेद इथे टाक, कॉलेजचं नाव खोडून. रविवारी वाचून सांगते.