अँड्र्यू जॅक्सनच्या सहीची जमिनीची सनद स्वस्तात मिळतेय, घ्यावी का? अमेरिकेच्या सुरुवातीच्या अध्यक्षांचे कागद जमवायचे आहेत.

आधी तारीख बघा. मार्च १८३३ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला आणि सनदांवर अध्यक्षांच्या नावाने सही करायला सचिव दिला. त्यानंतरच्या सनदांवर जॅक्सनचं नाव ठसठशीत असतं, पण हात सचिवाचा.

हे मी आमच्या मेहुण्यांना किती वेळा सांगितलं. इथे न्यू जर्सीत मी अध्यक्ष जेम्स मन्रोची १८१८ ची सनद घेतली, तेव्हा ते चारचौघांत म्हणाले, "मन्रोला कोण ओळखतं? जॅक्सन वीस डॉलरच्या नोटेवर आहे!" मग १८३५ ची जॅक्सनची सनद आणून दिवाणखान्यात लावली. विकणाऱ्याने पावतीवर बेधडक 'जॅक्सनची स्वतःची सही' लिहून दिलं होतं. दिवाळीच्या फराळाला गेलो तेव्हा काचेवर बोट ठेवून दाखवलं: नावाखाली बारीक अक्षरात 'ए. जे. डोनेलसन, सेक्रेटरी'. डोनेलसन म्हणजे जॅक्सनच्या बायकोचा भाचा. मेहुणे म्हणाले, "अध्यक्षांच्या नावानेच केलीये ना, मग तीच."

तीच कशी? माझ्या सनदेत १८१२ च्या युद्धातल्या एका शिपायाला इलिनॉयमध्ये १६० एकर दिलेत. चर्मपत्र आहे, मजकूर छापील, नाव-गाव कारकुनाने भरलेलं. पण खालची सही मन्रोने स्वतः टाक धरून केलेली. जाड रेषेत शाई अजून काळी, बारीक रेषेत तपकिरी झालीये. अशा सनदांवर त्याने ढिगाने सह्या केल्या, म्हणून नवख्याला त्याच आवाक्यातल्या.

कापलेली सुटी सही मात्र कितीही स्वस्त असो, घेऊ नका. वॉशिंग्टनच्या हातचा, १७८९ मध्ये न वापरलेला शपथविधीच्या पहिल्या भाषणाचा मसुदा जॅरेड स्पार्क्स या इतिहासकाराने कापून सही-शौकिनांना तुकडे वाटले. इतिहासकार असून! त्या माणसाला मी कधी माफ करणार नाही. वॉशिंग्टनच्या चेक आणि परवान्यांपासूनही जरा लांबच राहा, रॉबर्ट स्प्रिंगने एकोणिसाव्या शतकात त्यांच्या नकला करून विकल्यात आणि त्या अजून फिरतात.

हो, एक राहिलं. १८३३ ची अट फक्त जमिनीच्या सनदांना. लष्करी अधिकाऱ्यांच्या नेमणूकपत्रांवर जॅक्सन त्यानंतरही स्वतः सही करत होता. महाग पडतात, पण नोटेवरचाच माणूस हवा असेल तर ते घ्या. मेहुण्यांनाही मी तेव्हा हेच सुचवलं होतं.