फांदीवरचा पापुद्रा आणि कॉर्टिसियम नावाचं जुनं गाठोडं

नमस्कार मंडळी. पाऊस लागून दीड महिना होतोय आणि माझ्या मोबाईलवर झाडांच्या फोटोंची रीघ लागलीये, आणि यंदा गंमत म्हणजे भात सोडला तर जवळपास सगळे फोटो एकाच गोष्टीचे, सालीला चिकटून पसरलेला पापुद्रा. कुणाचा पांढरा, कुणाचा गुलाबी, कुणाचा मखमलीसारखा तपकिरी. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाईप करण्यापेक्षा सगळ्यांसाठी एकदाच लिहितोय, थोडं लांबेल पण पूर्ण वाचा, कारण यात औषधाचा खर्च वाचणार आहे.

प्रश्न तीन आहेत. मुरबाडकडच्या एका ताईंच्या हापूसच्या फांदीवर गुलाबी थर चढलाय आणि त्या फांदीची पानं वाळायला लागलीत. नेरूळच्या एका सोसायटीतल्या मंडळींना गुलमोहराच्या खोडावर पांढरे चट्टे दिसलेत, झाड पडेल का म्हणून घाबरलेत. आणि शहापूरच्या एका काकांचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, ते म्हणतात वडिलांच्या जुन्या पुस्तकात आंब्याच्या गुलाबी रोगाला कॉर्टिसियम लिहिलंय, भाताच्या पर्णकोष करप्यालाही कॉर्टिसियमच लिहिलंय, आणि वांगी-भुईमुगाचं खोड जमिनीलगत कुजतं त्यालाही कॉर्टिसियम, मग बुरशी एकच आहे तर एकच औषध तिन्हीला मारलं तर चालेल ना साहेब?

काका, नाही चालणार, आणि का नाही ते सांगतो, म्हणजे बाकी दोघांची उत्तरं पण त्यातूनच निघतील.

कॉर्टेक्स म्हणजे लॅटिनमध्ये साल. सालीसारखी चपटी पसरते म्हणून परसून नावाच्या अभ्यासकाने १७९४ साली कॉर्टिसियम हे नाव दिलं. त्या काळात बुरशीची वर्गवारी डोळ्याला दिसेल तशी करायचे, आणि दुसरं साधन तरी काय होतं. बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, जिथे तयार होतात तो भाग बघायचा, खाली पडदे असतील तर एक गट, बारीक भोकं असतील तर दुसरा, दाते असतील तर तिसरा, आणि यातलं काहीच नाही, नुसता गुळगुळीत थर लाकडाला चिकटलेला, तर टाक कॉर्टिसियममध्ये. पुढे त्यावरून कॉर्टिसिएसी नावाचं अख्खं कुळ झालं आणि शेकडो जाती त्यात जाऊन बसल्या. म्हणजे आपण म्हणावं की कारलं, विड्याचं पान, गुळवेल आणि द्राक्ष हे सगळे वर चढतात म्हणून एकाच घराण्यातले. मांडवावर दिसतात सारखे, पण एकमेकांशी नातं काही नाही.

चांगले मायक्रोस्कोप हाती आल्यावर अभ्यासकांच्या लक्षात यायला लागलं की वरून सारखा दिसणारा पापुद्रा आतून फार वेगळा असतो. स्टिरियम नावाच्या पापुद्र्याच्या बीजाणूंना आयोडीनचं द्रावण लावलं की निळसर काळपट रंग येतो, हायमेनोकीटी नावाच्या दुसऱ्या पापुद्र्याच्या थरात तपकिरी टोकदार काटे दिसतात आणि कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला की तो काळा पडतो, काहींच्या धाग्यांना सांध्यावर कडीसारखी गाठ असते, काहींना नसते. त्यामुळे जुन्या गाठोड्यातून एकेक जात बाहेर काढून नवीन नावं द्यायचं काम आधीच सुरू झालं होतं. पण खरा उलगडा डीएनए वाचता आल्यावर झाला. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे लार्सन यांनी, आधी सहकाऱ्यांबरोबर २००४ मध्ये आणि मग २००७ मध्ये, या पापुद्र्यांची वंशावळ मांडली, आणि दिसलं असं की भूछत्रांच्या मोठ्या वर्गाच्या जवळजवळ प्रत्येक फांदीवर कुठे ना कुठे पापुद्र्यावाल्या बुरशा बसलेल्या आहेत. स्टिरियमचं नातं निघालं रुसुला नावाच्या छत्रीवाल्या अळंबीच्या गणाशी, गण म्हणजे अनेक कुळांचा मोठा गट. फॅनेरोकीटी नावाची दुसरी पापुद्र्यावाली गेली लाकडावर कडक पंखे येतात त्यांच्या गणात. थंड देशात घरांची लाकडं पोखरणारी सर्पुला, तीही चपटीच पसरते, तिचं नातं निघालं बोलेटस नावाच्या जाड छत्रीच्या अळंबीशी. म्हणजे पापुद्रा ही जात नाही, ती राहणी आहे.

आणि ही राहणी इतक्या वेगवेगळ्या घराण्यांत का दिसते ते पण समजण्यासारखं आहे. पडलेल्या ओंडक्याची खालची बाजू आठवा, तिथे ऊन नाही, ओल टिकते, आणि बीजाणू आपोआप खाली पडून वाऱ्यावर जातात. मग दांडा आणि छत्री उभारायचा खर्च कशाला, पातळ थर पसरला की भागलं.

आता काकांच्या तीन कॉर्टिसियमकडे येऊ.

पहिली, आंबा-काजू-फणसाच्या गुलाबी रोगाची बुरशी. एकोणिसाव्या शतकात सिलोनमधून, म्हणजे आताच्या श्रीलंकेतून तिचं वर्णन झालं, नाव कॉर्टिसियम साल्मोनिकलर. मधे तिला फॅनेरोकीटीमध्ये टाकून बघितलं, पेलिक्युलॅरियामध्ये टाकून बघितलं, १९८५ साली ती एरिथ्रिसियममध्ये गेली आणि आज एरिथ्रिसियम साल्मोनिकलर हेच नाव चालतं. तिघींमधली हीच एक अशी आहे की नाव बदललं तरी कॉर्टिसियमच्या खऱ्या गणातच राहिली.

दुसरी, भाताच्या पर्णकोष करप्याची. जुन्या पुस्तकात कॉर्टिसियम सासाकी, आता सगळीकडे रायझोक्टोनिया सोलॅनी. ही निघाली कँथरेलेलीस गणातली, पहिलीपासून खूप लांब.

तिसरी, बुंधा कुजवणारी, पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात ती. शेतकऱ्यांना स्क्लेरोशियम रॉल्फसी म्हणून माहिती आहे. तिला कॉर्टिसियम रॉल्फसी म्हणून झालं, अथेलिया रॉल्फसी म्हणून झालं, आणि २०२३ मध्ये ॲग्रोअथेलिया असं नवीन नाव मिळालं, गण तिसराच. एकाच बुरशीची दोन दोन नावं का चालायची तर तिच्या वेगवेगळ्या अवस्था वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी बघून बारसं केलेलं असायचं. २०११ मध्ये मेलबर्नच्या वनस्पतीशास्त्र परिषदेत ठरलं की यापुढे एका बुरशीला एकच नाव, पण जुनी पुस्तकं, जुनी लेबलं आपल्या घरात आहेतच.

म्हणून काका, भाताच्या करप्याला आपण जे व्हॅलिडामायसिन मारतो ते मुख्यतः रायझोक्टोनियावर काम करणारं औषध आहे, ते आंब्याच्या गुलाबी रोगावरही चालेलच असं धरून मारू नका. आणि बुंधाकुजीत तर फवारणीपेक्षा मातीचं काम मोठं, ते मोहरीसारखे दाणे जमिनीत टिकून राहतात, त्यामुळे खोल नांगरट, कुजलेलं रोप मुळासकट आणि भोवतालच्या मातीसकट उचलून बाहेर नेणं, चांगल्या कुजलेल्या शेणखतातून ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी देणं हे करायचं. भाताच्या करप्यावर मी एवढंच म्हणेन की युरिया एकदम ओतू नका आणि लावणी दाट करू नका, बाकी आपल्याला कर्जतचं भात संशोधन केंद्र जवळ आहे, तिथल्या शिफारशी बघूनच औषध घ्या.

आता ताई, तुमचं झाड. तुमचे फोटो मी मोठे करून बघितले, हा गुलाबी रोगच आहे असं माझं मत आहे, कारण सुरुवात फांदीच्या बेचक्यातून झालीये, जिथे पावसाचं पाणी थांबतं. हा रोग रूपं बदलत येतो म्हणून फसवतो. आधी सालीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे चकचकीत पांढरे धागे, मग बारीक पुटकुळ्या, मग तो गुलाबी थर, आणि कधी कधी नारिंगी लालसर फोडही येतात. बहुतेक शेतकरी गुलाबी दिसल्यावर फोन करतात, तोपर्यंत खालची साल मेलेली असते आणि वरच्या फांदीला अन्नपाणी पोचत नाही. जाळीवाल्या अवस्थेत पकडला तर फांदी वाचते. त्यामुळे जून ते सप्टेंबर दर आठवड्याला एक चक्कर बागेत मारा आणि बेचकी बघा, पानं नंतर.

तुमच्या वाळलेल्या फांद्या रोगट भागाच्या खाली निदान एक वीत निरोगी लाकडापर्यंत कापा, आणि कापलेलं बांधावर ढीग करून ठेवू नका, बागेबाहेर नेऊन जाळा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना वेगळ्या ५ लिटर पाण्यात, आणि मग दोन्ही एकत्र. फवारणीसाठी १ टक्का बोर्डो, म्हणजे तेच १-१ किलो पण एकूण पाणी १०० लिटर. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडी नको. तयार मिश्रणात विळ्याचं स्वच्छ पातं थोडा वेळ बुडवा, पात्यावर तांब्याचा लालसर रंग चढला तर चुना कमी पडलाय, अजून चुन्याची निवळी घाला. आणि बनवलं त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवलेलं बोर्डो कामाचं नाही. पावसाची उघडीप बघून मारा. पुढच्या वर्षी पाऊस लागायच्या आधीच एक हात मारून घ्या आणि काढणीनंतर आतल्या गर्दीच्या फांद्या विरळ करा, ऊन आत गेलं की अर्धा रोग तिथेच थांबतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. मी नोकरीला नवीन होतो तेव्हा एका बागायतदाराने सालीवरचे राखाडी हिरवट ठिपके बघून, कुठल्या तरी दुकानदाराच्या सांगण्यावरून, अख्ख्या बागेवर तीन वेळा महागडं बुरशीनाशक मारलं होतं. ते होतं दगडफूल. दगडफुलात बुरशी असते हे खरं पण ती शैवालाबरोबर राहते, सालीचा फक्त आधार घेते, झाडाचं काही खात नाही. ओळखायला सोपं आहे, ओल्या ठिपक्यावर नखाने ओरखडा काढा, आतून हिरवं दिसलं तर दगडफूल, सोडून द्या. त्या माणसाचे पैसे गेले याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि तपकिरी, राखाडी मखमलीसारखा थर असेल, जसा दोन तीन फोटोंत आहे, तर सुरीने त्याची कड उचला. खाली बारीक खवले कीड चिकटलेली सापडेल. ही सेप्टोबेसिडियम. दिसायला पक्का पापुद्रा, पण वंशाने ती गव्हावरच्या तांबेऱ्याची नातेवाईक. ती झाडावर नाही, त्या किडीवर जगते, काही किडींच्या अंगात धागे घालून रस घेते आणि बाकीच्यांना वर पांघरूण घालते. झाडाचा रस कीडच पिते. म्हणून इथे इलाज किडीचा करायचा, थर गोणपाटाने खरवडून काढायचा, दाटी कमी करायची. नुसतं बुरशीनाशक मारत बसलात तर पांघरूण जाईल आणि कीड राहील. काळा, कोळशासारखा टणक थर असेल तर ते आणखी वेगळं घराणं, भूछत्रांच्या वर्गातलंच नाही, आणि बहुतेक वेळा ते आधीच अशक्त झालेल्या किंवा मेलेल्या लाकडावर येतं.

नेरूळच्या मंडळींनो, तुमच्या गुलमोहरावर जो पांढरा थर आहे तो जिथे मागे फांदी छाटली होती त्या जखमेभोवती आहे. अशा बुरशा बहुतेक मेलेलं लाकूड खातात, लाकडाला कडक ठेवणारं लिग्निन फोडतात आणि लाकूड पांढरट, धागेदार, मऊ होत जातं. थरावर औषध फवारून आतली कुज थांबत नाही, तो थर म्हणजे नुसतं वर आलेलं फळ आहे, धागे लाकडाच्या आत आहेत. तेव्हा बघायचं ते झाडाचं लाकूड किती उरलंय. लाकडी मोगरीने खोडावर ठोका, पोकळ आवाज येतो का बघा, बुंध्याशी साल सुटलीये का, मुळांजवळची माती उचललीये का, झाड अलीकडे एका बाजूला कललंय का. यातलं काही असेल तर त्याखाली गाड्या लावू नका, मुलांना खेळू देऊ नका आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी कळवा. परस्पर माणूस बोलावून झाड किंवा मोठी फांदी तोडू नका, शहरात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. यातलं काहीच नसेल तर झाड सुरक्षित राहावं म्हणून एवढं करा की बुंध्याभोवतीचं काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक चारही बाजूंनी निदान १ मीटर काढून माती मोकळी करा आणि खोडातली पोकळी सिमेंटने भरू नका, आत पाणी अडकून कुज वाढते.

ज्यांना तरीही खात्री होत नाहीये त्यांनी नमुना आणून द्या. नुसता थर खरवडून नको, खालच्या सालीसकट दोन बोटं रुंद तुकडा, निरोगी आणि रोगट भागाच्या सीमेवरचा. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, घाम सुटून भलतीच बुरशी वाढते, वर्तमानपत्रात गुंडाळून कागदी पाकिटात ठेवा. पाकिटावर झाड कुठलं, फांदी जिवंत होती की मेलेली, थर पहिल्यांदा कधी दिसला आणि आत्तापर्यंत काय काय मारलं ते लिहा. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात दिलंत तरी चालेल, आम्ही गरज पडली तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे पाठवतो. आणि ताई, तुमच्या बागेतली बाकीची झाडं या आठवड्यातच बघून घ्या, बेचक्यात पांढरी जाळी दिसली तर त्याच दिवशी फोटो टाका, मी बघतो.