मुलगा साडेतीन वर्षांचा झाला तरी बोलत नाही, मानसतज्ज्ञांकडे न्यावं का?

तुम्ही लिहिलंय की पाच-सहा सुटे शब्द सोडले तर तो बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, बालवाडीत मुलांना ढकलतो, आणि घरचे म्हणतात, "मुलगे उशिराच बोलतात, पाचवं लागेपर्यंत थांब." थांबू नका. आम्ही थांबलो होतो. ओळखीच्या डॉक्टरांनीही "बोलेल हो" म्हणून परत पाठवलं आणि वर्ष गेलं. ते वर्ष मला आजही टोचतं.

आधी कान तपासून घ्या. बेरा नावाची तपासणी मूल झोपेत असताना करतात, दुखत नाही. आमचा मुलगा टीव्हीवरची जाहिरात ऐकून आतल्या खोलीतून धावत यायचा, म्हणून मला ती उगाचची वाटत होती. पण काही आवाज ऐकू येतात म्हणजे बोलण्यातले सगळे आवाज ऐकू येतात असं नसतं.

मग मानसतज्ज्ञ. मला वाटलं होतं, टेबलाशी बसवून परीक्षा घेतील. ताई सतरंजीवर बसल्या, साबणाचे फुगे उडवले, आणि बाटलीचं झाकण घट्ट लावून बाटली त्याच्या हातात दिली. त्याला उघडेना. त्याने ताईंचं मनगट धरलं, त्यांचा हात झाकणावर नेऊन ठेवला आणि वाट बघत राहिला. चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. घरी फ्रिजपाशी तो रोज हेच करायचा आणि आम्ही कौतुकाने सांगायचो, बघा, बोलत नाही पण बरोबर दाखवतो! ताईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

नंतर तासभर मलाच प्रश्न. स्वतः जेवतो का, चप्पल घालतो का, शी लागली की सांगतो का. ही व्हीएसएमएस (व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल) चाचणी, तिचं भारतीय रूप डॉ. मॅलिन यांनी नागपुरात तयार केलं. त्यावरून मूल रोजच्या व्यवहारात कोणत्या वयाच्या पातळीवर आहे ते कळतं. ऑटिझमची, म्हणजे नजरेला नजर देणं, इतरांशी संवाद साधणं जड जातं त्या अवस्थेची, शंका असेल तर आयएसएए ही ऑटिझम मोजायची भारतीय चाचणी लावतात: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० किंवा त्याहून जास्त आली तर ऑटिझम धरतात. तुमच्या मुलाला ऑटिझमच असेल असं मी म्हणत नाही. नुसता भाषेचा उशीर असू शकतो, बौद्धिक वाढ मंद असू शकते, कानाचंही असू शकतं. म्हणून तर तपासणी. आणि आकडा आला की त्यावर अडून बसू नका, "आता पहिलं काय शिकवायचं?" हे विचारा.

आमचं पहिलं काम तीच बाटली होती. त्याने हात ओढला की मी बाटली माझ्या चेहऱ्याजवळ धरायची, "दे" म्हणायचं आणि थांबायचं. दिवसातून वीस-पंचवीस वेळा, खाऊच्या डब्याला, नळाला, दाराला. चार महिन्यांनी त्याने माझ्या डोळ्यांत बघून "दे" म्हटलं. स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदाच होती, बाकी सगळं घरी.

ढकलण्याबद्दल: आठवडाभर लिहून ठेवा, ढकलण्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं. आमचा रांगेत उभं केलं की ढकलायचा, बाई त्याला बाहेर न्यायच्या, आणि त्याला तेच हवं असायचं. आम्ही त्याला बाहेर जायचं असल्याचं चित्रकार्ड दाखवायला शिकवलं, मग ढकलणं हळूहळू कमी झालं. फटके देऊन हे साधलं नसतं.

खर्चाचं विचारलंत. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्राची, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्राची, चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून (२०१३ पासून) तपासणी आणि उपचार तिथे मोफत मिळतात. ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता निघालीच, तर दिव्यांग प्रमाणपत्र काढून निरामय या सरकारी आरोग्य विम्याचा अर्ज करा. त्यात वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण असतं आणि थेरपीचाही काही खर्च निघतो. स्टेम सेलने ऑटिझम बरा करतो म्हणणाऱ्यांकडे मात्र एक रुपयाही घालवू नका, तसं काहीही सिद्ध झालेलं नाही.

जाताना त्याची झोप झालेली असेल अशी वेळ मागा. आणि आजपासूनच मोबाइलवर त्याचे छोटे व्हिडिओ काढून ठेवा: जेवताना, एकटा खेळताना, हट्टाला पेटलेला असताना. अनोळखी खोलीत मूल बऱ्याचदा यातलं काहीच करत नाही.