इंगळ, इंगाल आणि कार्बनचा भार

खानापूरच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, शाळेच्या भित्तिपत्रकावर ‘कार्बन फुटप्रिंट’साठी, म्हणजे आपल्या रोजच्या व्यवहारांतून हवेत जाणाऱ्या कार्बन वायूंच्या मापासाठी, ‘कार्बन पाऊलखुणा’ लिहावे की ‘कार्बन ठसा’, आणि ‘कार्बन ऑफसेट’ला ‘भरपाई’ म्हटलेले चालेल का.

‘पाऊलखुणा’ मुळीच नको. पर्यावरण दिनाच्या प्रत्येक भाषणात ‘आपल्या कार्बन पाऊलखुणा पुसून टाका’ हे वाक्य कानी पडते आणि दर वेळी ते खटकते, कारण मराठीत पाऊलखुणा थोरामोठ्यांच्या असतात आणि आपण त्यांवरून चालायचे असते. ठसाही मराठी माणूस अभिमानाने उमटवतो. तो ‘कमी करा’ असे सांगितले तर ऐकणारा गोंधळतो. पर्यावरण-अभ्यासक विल्यम रीस यांनी १९९२ मध्ये ‘इकॉलॉजिकल फुटप्रिंट’ची कल्पना मांडली, तिच्यात माणसाला पोसण्यासाठी लागणारी जमीन हेक्टरांत मोजतात, म्हणजे तिथे पाऊल ही व्यापलेली जागा आहे. कार्बनचे माप मात्र वजनाचे आहे. बेळगावहून खानापूरला स्कूटरने जाऊन-येऊन साधारण एक लिटर पेट्रोल जळते आणि त्यातून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरभर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरते. उरलेले वजन हवेतल्या ऑक्सिजनचे, कारण १२ भाग कार्बनला ३२ भाग ऑक्सिजन मिळून ४४ भाग वायू होतो. जे किलोत मोजायचे आणि हलके करायचे, त्याला ‘भार’ म्हणावे. ‘कार्बनभार’ कोणालाही समजेल.

आता खरा आनंदाचा शब्द. ‘कार्बन’ हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७८७ मध्ये लॅटिन ‘कार्बो’वरून, म्हणजे कोळशावरून घेतले. आपल्या शेजारच्या कन्नड शाळेतल्या मुलांच्या पुस्तकात कार्बनला ‘इंगाल’ म्हणतात आणि कार्बन फुटप्रिंटला ‘इंगालद हेज्जेगुरुतु’. हा इंगाल म्हणजे आपला इंगळच, धगधगता निखारा! संस्कृत ‘अंगार’, प्राकृत ‘इंगाल’, मराठी ‘इंगळ’. देवळातला अंगारा आणि अंगारकी चतुर्थी हीदेखील त्याच घरची. माझी आजी रात्री चुलीतले दोन इंगळ राखेखाली झाकून ठेवायची आणि पहाटे राख बाजूला सारून, फुंकर घालून त्यांवरच चूल पेटवायची. तो लालभडक तुकडा जवळजवळ निव्वळ कार्बन होता. आमच्याकडच्या यात्रांत इंगळ्यांचा कार्यक्रम असतो, त्यात भाविक निखाऱ्यांवरून अनवाणी चालत जातात. कार्बनवर पाऊल ठेवणे म्हणजे काय, हे या भागातल्या माणसाला इंग्रजीतून शिकावे लागू नये.

एक ज्येष्ठ अभ्यासक ठामपणे सांगतात की मराठीने ‘इंगळ’ कन्नडमधून उचलला. हे मला सर्वस्वी अमान्य आहे. प्राकृतातला दोन स्वरांमधला ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो: फल-फळ, काल-काळ, तसेच इंगाल-इंगळ. त्यामुळे शब्द कन्नडमधूनच आला असे मानण्याची गरज उरत नाही. सीमाभागातला प्रत्येक सामाईक शब्द कोणीतरी कोणाकडून घेतलाच असला पाहिजे, हा हट्ट आता सोडावा. दोन्ही भाषांनी हा शब्द प्राकृतातूनच घेतला आहे. कन्नडमध्ये तो जैनांच्या प्राकृतातून आला असावा, असे माझे मत आहे. जैन श्रावकाला, म्हणजे गृहस्थाला, वर्ज्य असलेल्या पंधरा धंद्यांत पहिलाच धंदा ‘इंगालकम्म’ आहे, म्हणजे कोळसा पाडण्यासारखे, आगीवर चालणारे उद्योग. आणि जुने कन्नड वाङ्मय घडवणारे पंप, पोन्न, रन्न हे तिघेही कवी जैन होते. कार्बनच्या धंद्याला आवर घालणारा नियम आपल्या मातीत इतका जुना आहे, आणि आपण मात्र पाऊलखुणा पुसत बसलो आहोत.

राहिला ‘ऑफसेट’. ‘भरपाई’ म्हटले की नुकसान भरून निघाले, विषय संपला, असे वाटते. ऊस लावणाऱ्यांकडे याहून नेमका शब्द आहे: ‘वळते करणे’. कारखान्याच्या ऊसबिलातून सोसायटीचे कर्ज वळते होते, तेव्हा दोन्ही खात्यांत नोंद पडते आणि घेतलेले कर्ज कागदावर दिसत राहते. कार्बन ऑफसेटचा व्यवहार असाच आहे: आपण एक टन वायू सोडला आणि दुसऱ्या कोणी कुठेतरी एक टन शोषला किंवा टाळला, तर तो आपल्या खात्यात वळता करून घ्यायचा. आज लावलेल्या रोपाला तेवढा कार्बन साठवायला कित्येक वर्षे लागतात, आणि ते झाड पुढे जळाले तर साठवलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. बिल जमा होण्याआधी कर्ज वळते झाल्याची नोंद आमच्या सोसायटीचा सचिवही करत नाही.