भर समुद्रात बोट बंद पडली, तर आसपासच्या होड्या खरोखर मदतीला येतात का?

आपण विचारले आहे की, आपण नुकतीच एक छोटी फायबरची बोट घेतली असून अलिबाग ते मुरूड या पट्ट्यात ती हौसेने चालवण्याचा आपला विचार आहे. अशा वेळी किनाऱ्यापासून दूर इंजिन बंद पडले, तर मासेमारी होड्या मदतीला येतात का, आल्यास पैसे मागतात का, आणि त्यांना बोलवावे कसे. माझे गाव दापोली तालुक्यातील हर्णै. वडिलांच्या होडीवर खलाशी म्हणून मी कामाला लागलो आणि पुढे बावीस वर्षे तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणून होडी चालवली. मदत मागण्याची आणि मदतीला जाण्याची, दोन्ही वेळा माझ्यावर आल्या आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

होड्या येतात. तटरक्षक दलाचे जहाज कितीही तत्पर असले, तरी त्याला आपल्या जागेपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात आपल्या दृष्टीच्या टप्प्यात मासेमारी करणारी एखादी होडी बहुधा असतेच. मुंबई बंदरात 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून 15 जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशीही बुडणाऱ्या प्रवाशांना पहिला हात दिला तो जवळून जाणाऱ्या बोटींनी. शंभराहून अधिक माणसे असलेल्या त्या बोटीतील बहुतेक जण वाचले, त्यात या शेजारच्या बोटींचा वाटा फार मोठा आहे.

माझ्यावर आलेला एक प्रसंग थोडा सविस्तर सांगतो, कारण मदत प्रत्यक्षात कशी होते हे त्यावरून कळेल. दिवाळीनंतरचे दिवस होते. पहाटे आम्ही सहा जण हर्णैपासून सुमारे चौदा मैलांवर, अठरा वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात होतो, आणि कोणाचे तरी सुटून वाहत आलेले जाळे आमच्या होडीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंडाळले जाऊन इंजिन जागच्या जागी थांबले. त्या दिवसांत पहाटे मतलई वारा असतो, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. बंद पडलेली होडी तो सरळ खोल पाण्यात नेतो. आम्ही आधी नांगर टाकला. एक खलाशी कोयती घेऊन जाळे कापायला पाण्यात उतरला, पण लाटेबरोबर होडीचा तळ वर-खाली आपटत होता, तेव्हा त्याला मी लगेच वर घेतले. त्यानंतर वायरलेसवर आम्ही आमची जागा सांगितली.

पाऊण तासाने रायगडकडची एक होडी आली. आमची त्यांची ओळख नव्हती. त्यांनी टाकलेले जाळे अर्धवट असतानाच ओढून घेतले होते, म्हणजे त्या दिवसाची निम्मी कमाई सोडून ते आले होते. त्यांच्या वयस्कर तांडेलाने होडी आमच्या अंगाला लावली नाही. लाटेत दोन होड्या एकमेकींवर आपटल्या तर फळ्या फुटतात आणि मध्ये सापडलेला हात कायमचा जातो. तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब थांबला आणि वीस लिटरचा रिकामा कॅन बारीक दोरीला बांधून त्याने पाण्यात सोडला. वाऱ्याने तो कॅन आपोआप आमच्याकडे आणला. बारीक दोरी ओढली तेव्हा तिच्या टोकाला जाड दोर आला, आणि तो आम्ही नाळेजवळच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळच्या, भक्कम खुंटाला बांधला. दोराच्या मध्यावर त्यांनी एक जुना टायर अडकवला होता. त्याच्या वजनाने दोर पाण्यात झोल खाऊन राहतो आणि लाटेचा हिसका दोन्ही होड्यांना बसत नाही. त्याने आम्हा सर्वांना मागच्या बाजूला बसायला सांगितले, म्हणजे नाळ उचललेली राहते. शिवाय दोराच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही, असे दोनदा बजावले. ताणलेला दोर तुटला तर तो माणसाला कापून जातो. त्यांचा एक खलाशी सगळ्या वाटभर हातात कोयती घेऊन बसला होता. आमची होडी पाणी घेऊ लागली असती, तर दोर तोडून आधी आम्हाला उचलून घ्यायचे, हे त्याचे काम होते.

तासाला तीन मैल, असे आम्ही पाच तासांनी किनाऱ्याशी आलो. आंजर्ले खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध साचतो आणि ओहोटीत तिथे होड्या उलटतात, म्हणून भरती येईपर्यंत बाहेर आणखी दीड तास थांबावे लागले. तेवढा वेळही तो तांडेल आम्हाला सोडून गेला नाही.

पैशांचे विचाराल, तर त्याने फक्त जळालेले डिझेल भरून घेतले. वडील आणखी देऊ लागले ते त्याने घेतले नाही. दोर मात्र गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून परत द्या, नवा आहे, असे सांगितले. वडिलांनी त्यांच्या नाळेवर नारळ ठेवला. पुढच्या ओहोटीबरोबर ते पुन्हा निघून गेले, कारण त्यांच्याकडचा बर्फ तीन दिवसांचाच होता. आमच्या किनाऱ्यावर साधारण रीत हीच आहे. डिझेल आणि तुटलेल्या दोराची भरपाई आपण न मागता द्यावी, आणि समोरच्याने टाकलेले जाळे सोडून दिले असेल, तर त्याबद्दलही स्वतःहून विचारावे. जास्त रक्कम सांगणारे कोणी भेटणारच नाहीत, असे मी म्हणणार नाही, परंतु माणसे पाण्यात असताना पैशाची गोष्ट काढणारा तांडेल मी पाहिलेला नाही. कायद्याची बाजूही अशीच आहे. 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचे 98 वे कलम सांगते की, स्वतःच्या जहाजाला आणि त्यावरील माणसांना गंभीर धोका नसेल, तर समुद्रात जीव धोक्यात असलेल्याला मदत केलीच पाहिजे. 1989 च्या सागरी बचाव करारानुसार वाचवलेल्या माणसाकडून त्याबद्दल मोबदला मागता येत नाही. वाचवलेल्या बोटीचा किंवा मालाचा मोबदला हा वेगळा विषय आहे.

या मदतीला गाव, जिल्हा किंवा भाषा आड येत नाही. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळाच्या वेळी केरळच्या 66 आणि तमिळनाडूच्या 2 अशा 68 नौका, 952 मच्छीमारांसह, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या होत्या. भाषा कळत नसलेल्या इतक्या माणसांना त्या किनाऱ्याने आसरा दिला.

आता आपल्याकडून काय अपेक्षित आहे ते सांगतो, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हौशी बोटवाले मदत फार उशिरा मागतात. इंजिन आत्ता सुरू होईल या आशेवर, किंवा लोक काय म्हणतील या संकोचाने, ते दुपार घालवतात. तोपर्यंत बोट पाच-सहा मैल वाहून गेलेली असते आणि अंधार पडतो. इंजिन बंद पडताच खोलीच्या चार-पाच पट दोर सोडून नांगर टाका आणि त्याच क्षणी कोणाला तरी कळवा. व्हीएचएफ वायरलेस असेल, तर 16 क्रमांकाचा चॅनेल संकटासाठीच आहे. जिवाला धोका असेल तर तीनदा ‘मेडे’, नुसता बिघाड असेल तर तीनदा ‘पॅन पॅन’ म्हणून बोटीचे नाव, अक्षांश-रेखांश, माणसे किती आणि काय झाले आहे, एवढेच शांतपणे सांगा. मोबाईल लागत असेल तर तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे क्रमांक आहेत. होडी नजरेच्या टप्प्यात असेल, तर दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करत राहा. ही जगभर ओळखली जाणारी संकटाची खूण आहे. नुसता एक हात हलवलात, तर समोरच्याला वाटते की आपण रामराम करत आहात, आणि तोही हात हलवून पुढे जातो. हे खरोखर घडते.

कधी आपणच मदतीला जाल, तर पाण्यातल्या माणसाजवळ वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने हळू जा आणि तो जवळ येताच इंजिन न्यूट्रल करा, कारण फिरता पंखा लाटेपेक्षा भयंकर असतो. त्याच्याकडे आधी दोरीला बांधलेला रिकामा कॅन फेका. आपण स्वतः उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच धरून खाली नेतो. लाईफ जॅकेट बसायच्या जागेखाली ठेवू नका, निघतानाच अंगात घाला.

बोट पाण्यात उतरवण्यापूर्वी रेवदंडा, कोर्लई आणि मुरूड येथील जेटीवर एकेक सकाळ जाऊन या, तिथल्या दोन-तीन तांडेलांशी ओळख करा, त्यांचा फोन घ्या आणि आपल्या बोटीचा रंग व नाव त्यांना सांगून ठेवा. आणि चाळीस वाव चांगला जाड दोर स्वतःच्या बोटीत ठेवा, म्हणजे मदतीला येणाऱ्याला त्याचा स्वतःचा दोर खर्चावा लागणार नाही.