दत्तक मुलाचं लक्ष लागत नाही, चिडून वस्तू फेकतो: हे एडीएचडी (लक्ष टिकवणं, शांत बसणं आणि आवेग आवरणं कठीण जाण्याची अवस्था) असेल का?
तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे; घाईने एडीएचडीचा शिक्का मारू नका. लहानपणी जवळची माणसं तुटलेलं मूल सतत सावध असू शकतं. दार वाजलं की पेन्सिल थांबते, नजर तिकडे. बघणाऱ्याला वाटतं, लक्षच नाही. एडीएचडीची लक्षणं किमान 6 महिने आणि घर, शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. बालमानसोपचारतज्ज्ञांना दत्तक घेण्याआधीचं जेवढं ठाऊक आहे तेवढं सगळं सांगा.

एक मात्र कळकळीने सांगते, शिक्षा म्हणून खोलीत एकटं ठेवू नका. आपल्याला पुन्हा सोडून दिलं, असंच त्याला वाटू शकतं. फेकाफेक चालू असताना शेजारी जमिनीवर बसा, आवाज खाली, वाक्य एकच: "मी इथेच आहे." समजावणं नंतर, तो शांत झाल्यावर.