साके चाखायला जाण्याआधी तांदूळ बघून घ्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: फेब्रुवारीत कामासाठी ओसाकाला जाताय, शेवटचा एक दिवस मोकळा आहे, वहिनी सोबत आहेत आणि त्या शाकाहारी, शिवाय दारू न घेणाऱ्या. तुम्हाला एखादी 'साकेची डिस्टिलरी' बघून तिथे माहितीसकट टेस्टिंग करायचंय. पण वाइनमधलंही काही कळत नाही, तर तिथे हसं होईल का, ही धास्ती. मी नऊ वर्षं कोबेत होतो आणि घरी आलेला जवळजवळ प्रत्येक पाहुणा मी कुठल्या ना कुठल्या साकेवाल्याच्या दारात उभा केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'डिस्टिलरी' खोडून टाका. साकेला भट्टी लागत नाही. तांदूळ आंबवायचा आणि पिळून घ्यायचा, बस्स. भट्टीची ती शोचू, तो वेगळा प्रकार. जिथे साके करतात त्या जागेला 'कुरा' म्हणतात. आणि जपानीत 'साके' म्हणजे कुठलीही दारू, अगदी बिअरसुद्धा. दुकानात किंवा हॉटेलात 'निहोनशू' म्हणा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

हसं होण्याबद्दल: उलट मला वाटतं वाइनवाल्यांपेक्षा आपणच बरे. वाइनवाला पेला नाकाला लावून फळं शोधत बसतो. आपण नव्या तांदळाचा भात आणि जुन्याचा भात ताटात आल्याबरोबर ओळखतो, आंबेमोहोर शिजत असेल तर जिन्यातच कळतं, इडलीचं पीठ जास्त आंबलं की नाक सांगतं. साकेला हेच नाक लागतं. फक्त पेल्यापाशी जाण्याआधी तांदळाचं काय होतं ते बघून घ्या. पाहुण्यांना मी आधी चाखायला बसवायचो तेव्हा ते 'छान आहे' म्हणून उठायचे. आधी तांदूळ दाखवायला लागलो, तेव्हा प्रश्न विचारायला लागले.

जागा. ओसाकाहून एका दिवसात नादा गाठा. कोबे आणि निशिनोमिया शहरांच्या समुद्रकाठची ही पट्टी, जुन्या पाच गावांची. जपानात सगळ्यात जास्त साके ह्योगो प्रांतात होते, आणि तिचं मोठं केंद्र हेच. ओसाकाच्या उमेदाहून हानशिन रेल्वे पकडली की अर्ध्या-पाऊण तासात उओझाकी, सुमियोशी, इशियागावा ही स्टेशनं येतात आणि तिथून सगळं पायी. हाकुत्सुरू या साके कंपनीचं संग्रहालय जुन्या लाकडी कुरात आहे, फुकट आहे, आणि माणसांचे पूर्णाकृती पुतळे करून एकेक पायरी मांडलीय, त्यामुळे भाषेवाचून अडत नाही. किकु-मासामुने या दुसऱ्या कंपनीचं संग्रहालय 1995 च्या भूकंपात कोसळलं होतं. ढिगाऱ्याखालून लाकडी अवजारं काढून ती नव्या इमारतीत पुन्हा मांडली. पुरुषभर उंचीचे ते पीप बघताना हे लक्षात ठेवा. पण या दोन्ही ठिकाणी तुम्ही आपले आपण फिरता आणि शेवटी काउंटरवर चव घेता. तुम्हाला हवंय ते, म्हणजे कुणी सोबत फिरून सांगणारं, त्यासाठी इशियागावाजवळच्या शुशिनकानसारख्या (फुकुजू नावाची साके करणाऱ्या) ठिकाणी आधी नोंदणी करा. इंग्रजीत दाखवणारं कुणी त्या दिवशी आहे का, ते नोंदवतानाच विचारा. आयत्या वेळी दारात जाऊन उभं राहणं जपानात चालत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नंतर हिरमोड नको. मोठ्या कंपन्या बाराही महिने साके करतात ती काँक्रीटच्या कारखान्यात. क्योटोच्या दक्षिणेला फुशिमी हे साकेचं दुसरं केंद्र, तिथल्या गेक्केइकान कंपनीनं 1961 सालीच बारमाही कुरा उभारली. तुम्हाला दाखवतात ते बहुतेक संग्रहालय असतं. खरं काम चालू असलेलं बघायचं तर लहान कुरा आणि थंडीचे दिवस. तुम्ही फेब्रुवारीत जाताय, म्हणजे नशीब काढलंत. कुराच्या वळचणीला देवदाराच्या डहाळ्यांचा मोठा गोळा टांगलेला दिसेल. नवी साके निघाली की तो हिरवागार चढवतात आणि वर्षभरात तो वाळून तपकिरी होतो. हिरवा दिसला तर आत काय मिळणार ते कळलंच.

नादाच्या पाण्याची गोष्ट तुम्हाला तिथे कुणीतरी सांगेलच, पण मला सांगायला आवडते. 1840 च्या सुमाराला यामामुरा ताझाएमोन नावाच्या व्यापाऱ्याच्या दोन कुरा होत्या, एक उओझाकीत, एक निशिनोमियात. निशिनोमियाची साके दरवर्षी सरस. त्यानं तांदूळ एकच केला, कारागीर अदलाबदल करून पाहिले, फरक पडेना. शेवटी निशिनोमियाच्या विहिरीचं पाणी उओझाकीला वाहून नेलं आणि तिथलीही साके सुधारली. तेच 'मियामिझु'. त्यात लोह जवळजवळ नाही (लोहानं साकेचा रंग आणि वास दोन्ही बिघडतात), आणि यीस्टला लागणारी खनिजं भरपूर. त्यामुळे आंबणं जोरात होतं आणि चव कोरडी, ठसठशीत येते. फुशिमीचं पाणी त्यामानानं मऊ, म्हणून तिथली साके हळुवार. जुने लोक नादाची ती पुरुषी आणि फुशिमीची ती बायकी म्हणतात. आता आपण तसं म्हणू नये, पण दोन्ही शेजारी ठेवून चाखाल तेव्हा म्हणणाऱ्याला काय सुचवायचं होतं ते कळेल.

आता तांदूळ. द्राक्षात साखर आयती असते, तांदळात नसते, असतो तो स्टार्च. त्याची साखर करायला 'कोजी' नावाची बुरशी वाफवलेल्या तांदळावर वाढवतात. ह्योगोच्या डोंगराकडच्या एका लहान कुरात जानेवारीच्या पहाटे मी हे पाहिलं. बाहेर बोटं वाकत नव्हती, आत कोजीच्या खोलीत उघड्या अंगाचे दोन पुरुष घामाघूम. त्याआधी वाफ काढलेला तांदूळ चटईवर पसरला होता आणि तोजीनं, म्हणजे मुख्य कारागिरानं, मूठभर उचलून फळीवर रगडून त्याची चपटी वडी केली. तांदूळ नीट वाफवला गेलाय का, ते तो या वडीच्या ताणावरून ठरवतो. बाहेरून टणक आणि आतून मऊ हवा, आपल्या गुरगुट्या भाताच्या नेमका उलट. ती वडी त्यानं मला खायला दिली: बिनमिठाची तांदळाची उकड! मग दोन दिवस मुरलेल्या कोजीचे चार दाणे दिले. वर पांढरी लव, वास भाजलेल्या चेस्टनटचा, आणि चावल्यावर गोड. साखरेचा कण न घालता गोड. तिथे मला साके कळली असं मी म्हणतो.

पुढे यीस्ट घालून आधी थोडं आंबवण तयार करतात, आपण विरजण लावतो तसं. मग त्यात तांदूळ, कोजी आणि पाणी तीन हप्त्यांत, चार दिवसांत घालतात. दुसऱ्या दिवशी काहीच घालत नाहीत, यीस्टला वाढू देतात. त्या सुट्टीच्या दिवसाला 'ओदोरी' म्हणतात, म्हणजे नाच. एकाच टाकीत इकडे स्टार्चची साखर होते, तिकडे साखरेची दारू, म्हणून भट्टीशिवाय अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं. बाटलीत भरण्याआधी पाणी घालून ते बहुधा 15-16 वर आणतात. टाकी दाखवली तर वास लांबूनच घ्या, वाकू नका. वर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, त्यात माणसं गेलेली आहेत.

एक सूचना, माझ्या फजितीतून आलेली. पाहुण्यांना घेऊन पहिल्यांदा एका कुरात गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी दारातच विचारलं, सकाळी काय खाल्लंत? हॉटेलच्या नाश्त्यात मी मोठ्या हौसेनं नात्तो खाल्ला होता, ते तारा सुटणारे आंबवलेले सोयाबीन. बाईंनी कमरेतून वाकून माफी मागितली आणि मला काचेबाहेर उभं केलं. पाहुणे आत, यजमान बाहेर. नात्तोतला जिवाणू फार चिवट, कोजीत शिरला तर सगळा घाणा वाया. तेव्हा त्या दिवशी नात्तो नको, आणि अत्तर-परफ्यूम तर अजिबात नको, कारण शेजारच्याच्या चाखण्याचाही विचका होतो.

चाखायला बसलात की पांढरा चिनीमातीचा पेला येईल, तळाशी दोन निळी वर्तुळं. ती शोभेची नाहीत. निळ्याच्या कडा किती स्वच्छ दिसतात त्यावरून गढूळपणा कळतो आणि पांढऱ्यावरून रंग. किंचित पिवळट असली तर बिघडलेली समजू नका. आधी वास घ्या. केळं किंवा सफरचंद आलं तर ते यीस्टचं काम, वरून काही घातलेलं नसतं. मग चमचाभर तोंडात घेऊन ओठांतून हवा आत ओढा, बशीतला चहा भुरकतो तसा आवाज करत. हो, आवाज करायचा, तिथे तो शिष्टाचार आहे. भुरकल्यावर जो वास नाकात मागून चढतो, तोच खरा. जाणकार थुंकतात, पाहुणे गिळतात, दोन्ही चालतं. मधेमधे पाणी प्या, तेवढंच पाणी. पाचव्या पेल्यानंतर सगळ्याच साके उत्तम लागायला लागतात, तेव्हा आवडलेलीचं नाव तिसऱ्या पेल्यालाच लिहून ठेवा. आणि गाडी भाड्यानं घेणार असाल तर चालवणाऱ्याला थेंबही देणार नाहीत, विनवण्या करू नका.

आता माझं मत, पटेल न पटेल. टेस्टिंगमध्ये शेवटी मानाचं म्हणून 'दाइगिंजो' देतात. म्हणजे तांदूळ इतका घासलेला की मूळ दाण्याचा निम्मा किंवा त्याहून कमी भाग उरतो (60 टक्के किंवा कमी उरला तर 'गिंजो'). बाहेरच्या थरात प्रथिनं आणि स्निग्धांश असतात, ते गेले की वास मोकळा होतो. सुंदर असते, नाही म्हणत नाही. पण टक्का जितका कमी तितकी साके चांगली, असा जो समज करून लोक परततात तो चूक. घासून घासून तांदळाचा तांदूळपणाही जातो. साधी 'जुनमाई' मागा, म्हणजे नुसता तांदूळ, कोजी, पाणी, यीस्ट, वरून अल्कोहोल न घातलेली. आधी गार प्या, मग तीच कोमट करून मिळेल का विचारा, 40-45 अंशांची. गार असताना जी मुकी वाटली ती कोमट झाल्यावर भातासारखी उमलते. एकच साके दोन तापमानांना चाखणं हे दहा वेगवेगळ्या चाखण्यापेक्षा जास्त शिकवतं. तांदळाच्या जातीही विचारा. नादात यामादा-निशिकी ऐकू येईल, ह्योगोचाच वाण, 1936 मध्ये नाव मिळालेला. ओमाची दिसला तर जरूर घ्या. तो ओकायामाचा, म्हणजे सिंहगड रस्त्यावर ज्या शहराच्या नावानं पुण्यानं मैत्री उद्यान केलंय तिथला. चव जरा रांगडी, मातकट. मला फार आवडते.

वहिनींसाठी: 'आमाझाके' मागा. कोजीची असेल तर तिच्यात अल्कोहोल नसतं, गोड पेज म्हणा. पण साके पिळून उरलेल्या चोथ्याचीही आमाझाके करतात, तिच्यात थोडं असतं, म्हणून 'कोजीची का?' एवढं विचाराच. चोथ्यात मुरवलेलं नाराझुके लोणचं शाकाहारी दिसतं आणि असतंही, पण दारूचा वास मारतं. बाकी चकणा जपून, साध्या दिसणाऱ्या भाजीवरही माशाचा कीस किंवा माशाचं पाणी असतं. जेवणाचा डबा सोबत असलेला बरा.

फुशिमीला वेळ मिळाला तर क्योटोच्या दक्षिणेला केइहान रेल्वेनं जा. गेक्केइकानच्या ओकुरा संग्रहालयात विहिरीचं पाणी नुसतं पिऊन बघा आणि मग साके. गोकोनोमिया देवळात शेजारपाजारचे लोक कॅन घेऊन पाण्याला आलेले असतात. साइजोचं, हिरोशिमाजवळच्या त्या लाल विटांच्या धुराड्यांच्या गावाचं नाव कुणी सुचवेल. झकास आहे, पण एका दिवसात कोंबू नका.

बाटली आणताना ज्यावर 'नामा' आहे ती घेऊ नका. ती पाश्चराइझ न केलेली, फ्रिजबाहेर राहत नाही, आणि तुमचा प्रवास लांबचा. नेहमीची 720 मिलीची बाटली घ्या. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत कर नाही, म्हणजे दोन सहज बसतात, आणि वहिनींच्या वाट्याच्या आणखी दोन. घरी कोमट करायला जपानी सुरई लागत नाही. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, साके स्टीलच्या लहान तांब्यात ओतून तो त्या पाण्यात ठेवा. दोन-तीन मिनिटांनी तांब्याच्या बुडाला बोट लावा. बोट टेकवता येतंय पण फार वेळ नाही, असं झालं की काढा.